दीडशे रुपयांचा पाइप, सहा लाखांचा विमा

राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात भुंगरा नावाचे गाव आहे. ८ डिसेंबर २०२२ रोजी तेथील एका लग्नघरी सिलिंडरमधून गळलेल्या गॅसने पेट घेतला आणि तिसांहून अधिक माणसे दगावली. देशभर हळहळ व्यक्त झाली. अशी दुर्घटना मोठी असते म्हणून तिची बातमी होते. एखाद्या स्वयंपाकघरात एकटी बाई भाजते, तेव्हा ती घटना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तीन ओळींत संपते. दोन्हींच्या मुळाशी असलेला एक साधा प्रश्न मात्र आपल्या धोरणचर्चेत क्वचितच विचारला जातो. घरातील गॅसची गळती शोधण्याचा आणि ती दुरुस्त करण्याचा खर्च कोणी सोसायचा?

हा खर्च फार मोठा नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. गळतीचा पहिला पुरावा वासाने मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. जागा नेमकी कोठे आहे हे पाहायचे तर साबणाचे पाणी पुरते. रेग्युलेटरच्या जोडावर आणि पाइपवर ते लावले की बुडबुडे उठतात. काडी ओढून गळती तपासण्याचा जीवघेणा प्रकार अजूनही चालतो, तो अज्ञानामुळे. साबण परवडत नाही, असे कोणी म्हणणार नाही. सिलिंडरच्या तोंडातील झिजलेली रबरी चकती बदलणे हे वितरकाच्या माणसाचे काही मिनिटांचे काम आहे. उरतो तो शेगडीपर्यंत जाणारा पाइप. तारेची जाळी आत असलेला प्रमाणित पाइप पाच वर्षांनी बदलावा, असे तेल कंपन्या सांगतात, आणि तो सवलतीत सुमारे दीडशे रुपयांना मिळतो.

ज्या वासाच्या भरवशावर ही सारी व्यवस्था उभी आहे, तो गॅसचा स्वतःचा वास नव्हे. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात जवळजवळ वास नसतो. इथाइल मरकॅप्टन नावाचे उग्र द्रव्य त्यात मुद्दाम मिसळले जाते. वास मिसळण्याच्या या सक्तीमागचा इतिहास धोरणकर्त्यांनी आठवावा असा आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील एका शाळेने खर्च वाचवण्यासाठी तेलक्षेत्रातील वाया जाणारा गॅस परस्पर आपल्या वाहिनीत घेतला होता. त्याला वास नव्हता. १८ मार्च १९३७ रोजी तळघरात साठलेल्या त्या गॅसचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जण, बहुतेक मुले, मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या राज्याने गॅसमध्ये वास मिसळणे कायद्याने बंधनकारक केले आणि पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली. त्या कायद्याने गळती ओळखण्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडला नाही, तो गॅसच्या किमतीतच घातला. आज भारतात श्रीमंताच्या आणि गरिबाच्या सिलिंडरला सारखाच वास येतो, तो या तत्त्वामुळे. गळती ओळखण्यास लागू केलेले हे तत्त्व दुरुस्तीला मात्र आपण लागू केलेले नाही.

प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा हिशेब या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे या योजनेचा आरंभ झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटींचे उद्दिष्ट गाठले गेले. आठ कोटीवी जोडणी महाराष्ट्रातच, तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. आज हा आकडा दहा कोटींच्या पुढे आहे. चुलीच्या धुरातून बायकांची सुटका करणारे एवढे मोठे काम थोड्याच शासनांनी केले असेल. सुरुवातीला प्रत्येक जोडणीमागे सरकार सोळाशे रुपये देत असे. त्यात सिलिंडरची अनामत साडेबाराशे, रेग्युलेटरचे दीडशे, पाइपचे शंभर, ग्राहक पुस्तिकेचे पंचवीस आणि तपासणी, जोडणी व प्रात्यक्षिकाचे पंचाहत्तर रुपये अशी फोड होती. म्हणजे पाइपला आणि तपासणीला किंमत असते, हे शासनाला ठाऊक होते. ती किंमत त्याने पहिल्या दिवसापुरती भरली. पाइप मात्र रबराचा असतो. उष्णतेने, तेलकट वाफेने आणि उंदरांच्या दातांनी तो खराब होणारच. २०१६ ते २०१९ या काळात बसवलेल्या कोट्यवधी पाइपांची पाच वर्षे केव्हाच उलटून गेली आहेत.

सेवेच्या अखेरच्या वर्षांत बुंदेलखंडातील एका गावात मी एका घरी गेलो होतो. उज्ज्वलाची शेगडी लखलखीत पुसून ठेवलेली होती. पाइपला मात्र एका ठिकाणी चीर गेली होती आणि तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. हा पाइप का बदलला नाही, असे मी विचारले. घरातली बाई म्हणाली, ‘‘साहेब, या महिन्यात सिलिंडर भरून आणलंय. पाइप पुढच्या महिन्यात बघू.’’ वास येत नाही का, असे विचारल्यावर तिने सांगितले, ‘‘येतो ना. म्हणून तर रात्री सिलिंडर अंगणात नेऊन ठेवतो.’’ त्या घराला धोका पुरता कळला होता आणि त्यांनी आपल्या परीने बंदोबस्तही केला होता. त्यांना जनजागृतीची गरज नव्हती, शे-दीडशे रुपयांची होती. त्या गावात शेतमजुराचा जवळजवळ दिवसाचा रोज तेवढाच होता.

याउलट अपघात घडून गेल्यावरचे दर आपल्याकडे चोख ठरलेले आहेत. तेल कंपन्यांनी काढलेल्या सार्वजनिक दायित्व विम्यानुसार गॅसच्या अपघातात मृत्यू आल्यास माणशी सहा लाख रुपये मिळतात. उपचारांसाठी माणशी दोन लाखांपर्यंत आणि नोंदणीकृत घराच्या नुकसानीसाठी दोन लाखांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. या विम्यासाठी ग्राहकाकडून वेगळा हप्ता घेतला जात नाही. ही तरतूद योग्यच आहे. पण मृत्यूची भरपाई व्यवस्थेच्या खर्चाने आणि मृत्यू टाळणारा पाइप ग्राहकाच्या खिशातून, ही रचना उलटी आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गळतीची तक्रार कळवण्यासाठी १ जानेवारी २०१६ पासून १९०६ हा क्रमांक देशभर सुरू आहे. गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी घरोघरी मोफत सुरक्षा तपासणीची मोहीम राबवली. सरकारी माहितीनुसार तिच्यात बारा कोटींहून अधिक तपासण्या झाल्या आणि चार कोटींहून अधिक पाइप सवलतीत बदलले गेले. दारात माणूस आला आणि किंमत थोडी उतरली, तर लोक पाइप बदलतात, हे या आकड्यांवरून दिसते. मात्र मोहीम संपते, पाइप झिजायचा थांबत नाही. शिवाय ही तपासणी सिलिंडर घरपोच देणाऱ्या माणसावर अवलंबून आहे. अनेक खेड्यांत सिलिंडर घरपोच येतच नाही. तो सायकलवर किंवा डोक्यावर वाहून आणावा लागतो. जे घर वर्षाला दोन-तीनच सिलिंडर घेते, त्याच्या दारात तपासणीस सर्वांत कमी वेळा पोहोचतो, आणि त्याच घराचा पाइप सर्वांत जुना असतो.

आता हिशेब पाहू. पाइपचे दीडशे रुपये धरू. तपासणीचे २०१६ चे पंचाहत्तर रुपये आज दुप्पट झाले असे मानू. म्हणजे पाच वर्षांतून एकदा घरामागे तीनशे रुपये, वर्षाला साठ. दहा कोटी उज्ज्वला कुटुंबांसाठी हा खर्च वर्षाला सहाशे कोटी रुपये होतो. २०२५-२६ साठी उज्ज्वला सिलिंडरवरील अनुदानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने बारा हजार कोटी रुपये मंजूर केले. त्याच्या पाच टक्क्यांत प्रत्येक गरीब घराचा पाइप वेळेवर बदलता येईल. उज्ज्वला कुटुंब वर्षाला सरासरी साडेचार सिलिंडर वापरते, म्हणजे सिलिंडरमागे सुमारे तेरा रुपये पडतात. मध्यमवर्गीय घर याहून अधिक सिलिंडर वापरते. तेथे हीच रक्कम किमतीत मिसळली, तर ती कोणाच्या लक्षातही येणार नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. आपल्या घरातली वस्तू आपणच सांभाळावी, हा पहिला. तत्त्व म्हणून तो मान्य आहे, पण गळका गॅस घराच्या भिंती मानत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो आणि दाट वस्तीत शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत पोहोचतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो. एकाने टाळलेल्या दुरुस्तीची किंमत दुसरा मोजतो, तेव्हा ती दुरुस्ती खाजगी बाब राहत नाही. दुसरा आक्षेप असा की, मोफत म्हटले की कागदोपत्री तपासण्या वाढतील. ही भीती मला अनुभवाने खरी वाटते. म्हणून पैसे तपासणीच्या शेऱ्यावर देऊ नयेत, बदललेल्या पाइपवर द्यावेत. पाइपवर निर्मितीचे वर्ष छापलेले असते. जुना पाइप परत घेऊन त्याची नोंद ग्राहक क्रमांकाशी जोडली, की खोट्या शेऱ्याला फारशी जागा उरत नाही.

वित्त आयोगाची किंवा नव्या कायद्याची यासाठी गरज नाही. पाचव्या वर्षी ग्राहक सिलिंडर नोंदवील, तेव्हा त्याच्याबरोबर नवा पाइप आणि तो बसवणारा माणूस पाठवण्याची अट वितरकाच्या करारात घालता येईल. जेथे सिलिंडर घरपोच जात नाही, तेथे आशा कार्यकर्तीप्रमाणे गावातीलच एखाद्या महिलेला प्रशिक्षण देऊन हे काम सोपवता येईल. आरंभ उज्ज्वलाच्या पहिल्या आठ कोटी घरांपासून करावा, कारण त्यांच्या जोडणीच्या तारखा सरकारच्याच दप्तरी आहेत. कोणाचा पाइप केव्हा जुना झाला, हे शोधायला कोठे जावे लागणार नाही.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)