पदकांची आरास आणि तीनशे रुपयांचे निवृत्तिवेतन

४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिंपिक मैदानावर सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक अवघ्या सहा सेंटिमीटरने हुकले. खिलारी हे सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याच्या करगणीचे, दुष्काळी मुलखातील शेतकरी कुटुंबातले. त्या स्पर्धेला भारताचे ८४ खेळाडू गेले आणि ७ सुवर्ण, ९ रौप्य व १३ कांस्य अशी २९ पदके घेऊन परतले. केंद्र सरकारने सुवर्णाला ७५ लाख, रौप्याला ५० लाख व कांस्याला ३० लाख रुपये जाहीर केले. खेळाडूंनी ते घामाने मिळविले आहे. त्याबद्दल कोणाचे पोट दुखण्याचे कारण नाही.

आक्षेप आहे तो या पदकांच्या आडून सांगितल्या जाणाऱ्या तत्त्वज्ञानावर. 'जिद्द असेल तर अपंगत्व आड येत नाही' हे वाक्य सत्कारसभांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की ते निरुपद्रवी वाटू लागते. पण त्याची उलट बाजू अशी की, ज्याला जमले नाही त्याच्यापाशी जिद्द नव्हती. सरकारला याहून सोयीचा सिद्धान्त कोणता? जबाबदारी अपंगाच्या अंगावर टाकली की अंदाजपत्रकावर काहीच पडत नाही.

या सिद्धान्ताची परीक्षा मुरलीकांत पेटकर यांच्या चरित्रावरच करावी. वाळवे तालुक्यातील पेठ हे त्यांचे गाव. १९४४ साली ते जन्मले तेव्हा हा सारा मुलूख जुन्या सातारा जिल्ह्यात होता आणि तेथे नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा अंमल चालू होता. पुढे ते लष्करात गेले, मुष्टियोद्धे म्हणून नाव मिळविले आणि १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून कायमचे अपंग झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक. (ऑलिंपिक त्या वर्षी म्युनिकला होते, तेथील क्रीडाग्रामाची घरे पुढे खाजगी सदनिका व्हायची असल्याने अपंगांच्या स्पर्धेला जागा मिळाली नाही. संपन्न युरोपातही अपंगापेक्षा सदनिकेला मोल अधिक!)

पेटकरांपाशी जिद्द होती, यात शंका नाही. पण त्यांना पाण्यात उतरविले ते मुंबईच्या नौदल रुग्णालयाने, उपचाराचा भाग म्हणून. ते रुग्णालय सरकारी होते आणि तेथील उपचार हा जखमी सैनिकाचा हक्क होता; कोणाच्या दारात हात पसरावा लागला नाही. नंतर पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी मिळाली. म्हणजे उपचार, व्यायाम, भाकरी आणि काम या चार गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे ३७.३३ सेकंदांची नोंद झाली. खेळाडू म्हणून त्यांचा हक्क मात्र सरकारने कसा मानला? १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठीची त्यांची मागणी नाकारली गेली. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. त्यांच्यावर चित्रपट निघाल्यावर, २०२५ च्या जानेवारीत, अर्जुन पुरस्कार हाती पडला. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते.

हाच हिशेब पाटण तालुक्याला लावून पाहावा. या डोंगरी खोऱ्यांतून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारपेठांत ओझी वाहण्यास गेली. माथाड्यांचे संघटक अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे. १९६९ चा माथाडी कायदा हे त्या लढ्याचे फळ. पाठीवर पोती वाहून ज्याचा कणा गेला, त्याचे अपंगत्व दैवाने आलेले नाही, ते उत्पादनव्यवस्थेने दिले आहे. तो गावी परतला की त्याला कोणता पोहण्याचा तलाव, कोणता व्यायामोपचार मिळतो?

त्याला केंद्राची अपंग निवृत्तिवेतन योजना दाखविली जाते. तीत केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे. म्हणजे दिवसाला दहा रुपये. २०१२ पासून हा आकडा हललेला नाही. तोही दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्यालाच. एक हात निकामी झालेला मजूर या अटीत बहुधा बसतच नाही. रौप्यपदकाच्या ५० लाखांइतकी रक्कम या दराने जमा व्हायला जवळजवळ १,३८९ वर्षे लागतात. राज्य सरकार आपल्या योजनेतून अधिक रक्कम देते, हे मान्य करावे. पण केंद्राने आपला हात आखडता ठेवावा आणि सत्कारात तो उंचवावा, याला धोरण म्हणत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यांच्यासाठी सरकारने जे तत्परतेने केले ते नामकरण. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला आणि कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. पाटीखालच्या पायऱ्या राहिल्या. २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करावयाच्या होत्या. नियम २०१७ साली निघाले, मुदत २०२२ साली सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सुगमतेचे नियम शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

'मग पदकाचा आनंद मानायचाच नाही काय?' असे कोणी विचारील. अवश्य मानावा. करगणीत मिरवणूक निघावी, तशी पेठेतही निघावी. पण कार्यकर्त्यांनी मिरवणुकीतून परतताना ग्रामपंचायतीच्या कचेरीत शिरावे. स्वउत्पन्नाचा पाच टक्के भाग अपंगांवर खर्च करण्याचे बंधन राज्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीवर आहे. पाटण तालुक्यातील प्रत्येक गावच्या येत्या ग्रामसभेत या पैशाचा तीन वर्षांचा लेखी हिशेब मागावा : किती जमा, किती खर्च, कोणाच्या नावावर. आणि ज्यांच्यासाठी तो आहे त्यांना खांद्यावरून का होईना, सभेला आणावे.