कोरे घड्याळ की हाताळलेले?

स्वित्झर्लंडसह चार देशांच्या युरोपीय मुक्त व्यापार संघटनेशी भारताने केलेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला असून त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयात जकात टप्प्याटप्प्याने उतरत जाणार आहे. साहजिकच जहाजावरून वा आखातातून सुटीवर येणाऱ्या तरुणांच्या बोलण्यात आणि जावयाला काय द्यावे या घरोघरच्या खलबतांत 'चांगले स्विस घड्याळ' पुन्हा डोकावू लागले आहे. दोन-तीन लाख रुपये मनगटावर बांधावेत काय, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा आणि विवेकाचा प्रश्न. त्यात आम्ही पडत नाही. परंतु बांधावयाचेच ठरले, तर कोरे घ्यावे की वापरलेले, यासंबंधी आपल्या समाजात जी समजूत रूढ आहे ती तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वापरलेली वस्तू म्हणजे उतरलेली वस्तू, ती ही समजूत. वस्त्राच्या बाबतीत ती ठीक आहे. पण आजोबांचे घड्याळ नातू अभिमानाने मिरवतो, तेव्हा ते जुने आहे म्हणून कोणी नाक मुरडत नाही. यांत्रिक घड्याळ हे शंभराहून अधिक सुट्या भागांचे यंत्र आहे. ते वेळेवर साफ करून त्यास नवे तेल दिले, झिजलेला भाग बदलला, तर ते दोन पिढ्यांना पुरते. उलट कोऱ्या घड्याळाची किंमत दुकानाची पायरी उतरताच घसरू लागते. याला अपवाद मोजक्या मॉडेलांचा. आणि त्या अपवादांनीच अनेकांची दिशाभूल केली. २०२२ च्या पूर्वार्धात त्यांचे पुनर्विक्रीचे भाव शिगेला पोहोचले व पुढे कोसळले. गुंतवणूक म्हणून घड्याळ घेणारे तेव्हा हात चोळीत बसले. खुद्द रोलेक्स कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये आपली वापरलेली घड्याळे तपासून, दोन वर्षांच्या हमीसह, अधिकृत विक्रेत्यांमार्फत विकण्याची योजना जाहीर केली. कारखानदारालाच ज्याची लाज वाटत नाही, त्याचा विटाळ आपण का मानावा?

तथापि खरी मेख पुढेच आहे. या किनाऱ्याचा घड्याळांशी असलेला संबंध सरळ नाही. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या दशकात खनिजाच्या निर्यातीवर गोव्यात परदेशी माल मुबलक येई, आणि भारतात आयातीवर निर्बंध असल्याने त्यातील घड्याळे चोरवाटांनी सीमेपार जात. १९६१ साली गोवा मुक्त झाला. त्याच वर्षी बंगळूर येथे एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळांचा कारखाना काढला. तरी परदेशी घड्याळाची ओढ सुटली नाही, आणि पुढे दुबईहून येणाऱ्या तस्करीच्या मालाने पश्चिम किनाऱ्यावर ती भागविली. यातून पावती न मागता घड्याळ घेण्यातच हुशारी आहे, असा एक संस्कार आपल्याकडे रुजला. वापरलेले घड्याळ घेताना तोच घातक ठरतो.

जुन्या फेवर ल्युबा किंवा वेस्ट एंडची तबकडी नव्याने रंगवून, एकाचे यंत्र दुसऱ्याच्या केसमध्ये बसवून ते 'मूळचे' म्हणून खपविण्याचा धंदा मुंबईत इतका फोफावला की, परदेशी संग्राहक अशा मालाला त्या शहराच्याच नावाने हिणवतात! महागड्या घड्याळांत हीच चलाखी अधिक सफाईने होते. शिवाय आपली खारी, दमट हवा. घड्याळाच्या आतील रबराची चकती काळाने कडक होते. मग पावसाळ्यातील ओलावा तबकडीवर डाग पाडतो आणि पोलादाच्या बारीक चाकांना गंज चढवतो. बाहेरून केस झगझगीत पॉलिश केलेली असली म्हणजे आतले काही दिसत नाही. किंबहुना अति झगझगाट हेच संशयाचे कारण मानावे. १९६० पूर्वीच्या, अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांत बहुधा रेडियम असे, तेव्हा अशी घड्याळे भलत्या हातांनी उघडूही नयेत.

आमचे मत असे की, ज्याच्या ओळखीचा जाणता घड्याळजी आहे आणि ज्याला विक्रेत्याकडून पावती, अनुक्रमांक जुळणारे हमीपत्र व मागील दुरुस्तीचा दाखला मिळतो, त्याने वापरलेलेच घ्यावे. पैशाचा एक वाटा मात्र साफसफाईसाठी राखून ठेवावा. मागचे झाकण उघडून दाखवावयास विक्रेता कां कू करू लागला, तर व्यवहार तेथेच सोडावा. ज्याच्याजवळ यांपैकी काही नाही, किंवा ज्याला घड्याळासह समुद्रात उतरावयाचे आहे, त्याने चार पैसे अधिक मोजून अधिकृत दुकानातून कोरेच घेणे शहाणपणाचे. हप्त्यांवर मात्र दोहोंपैकी कोणतेही घेऊ नये.

जकात पुरती उतरेपर्यंत थांबावे काय, असेही कोणी विचारतील. कोऱ्याचा भाव उतरला की वापरलेल्याचाही त्यामागोमाग उतरणार, हे उघड आहे. तेव्हा पुन्हा विकण्याचा बेत असणाऱ्याने खुशाल थांबावे. वीस वर्षे हातावर बांधावयाचे असेल, त्याला त्याने फारसा फरक पडत नाही.