कुप्या मोजाव्यात की प्रतिकारशक्ती?

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावात कोंबडी हा व्यवसाय नसतो. ती घरातील बाईची शिल्लक असते. मुलाची वही, औषधाची बाटली, बाजारातील तेल-मीठ हा किरकोळ खर्च अंड्यांवर किंवा एखादा कोंबडा विकून भागतो. मानमोडीची साथ आली की ही शिल्लक आठवडाभरात नाहीशी होते आणि त्या हानीची नोंद बहुधा कोणत्याही दप्तरात होत नाही.

मानमोडी म्हणजेच राणीखेत रोग. १९२६ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे तो ओळखला गेला. भारतात कुमाऊँमधील राणीखेतचे नाव त्याला चिकटले. त्याच कुमाऊँतील मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४०च्या दशकात त्यावरील लस सिद्ध झाली. रोगावर उपचार नाही, परंतु प्रतिबंध आहे. असे असता गावची कोंबडी अजूनही का मरते? याचे उत्तर विज्ञानापेक्षा अर्थव्यवहारात अधिक सापडते.

लसीच्या एका कुपीत शंभर वा त्याहून अधिक मात्रा असतात. ती शीतपेटीत सांभाळावी लागते आणि एकदा द्रावण केले की काही तासांतच संपवावी लागते. घरी आठ कोंबड्या असणाऱ्या बाईने ती कुपी कशी घ्यावी? शिवाय एका घराने लस टोचून घेतली आणि शेजारच्या चार घरांनी नाही, तर उकिरड्यावर एकत्र चरणाऱ्या पक्ष्यांत विषाणू फिरतच राहतो. तात्पर्य, येथे घर नव्हे तर गाव हा घटक मानला पाहिजे.

आता दुसरा प्रश्न. किती मात्रा वाटल्या, हा आकडा अहवालात शोभून दिसतो. परंतु वाटलेली मात्रा म्हणजे प्रतिकारशक्ती नव्हे. वाटेत बर्फ वितळला असेल, किंवा पिलाला आईकडून लाभलेल्या प्रतिपिंडांनी लस निष्प्रभ केली असेल. खरे काय घडले, हे रक्तच सांगते. विषाणू तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करतो. प्रतिपिंडे असलेले रक्तजल त्या होऊ देत नाही. रक्तजल आठपट पातळ करूनही गुठळ्या होत नसतील, तर सामान्यतः पक्षी सुरक्षित मानतात. ही चाचणी महागडी नाही आणि परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही फार दूर नाही.

इतका खटाटोप कोंबड्यांसाठी कशाला, असे कोणी म्हणेल. २०१९च्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातील होते. ही संपत्ती प्रामुख्याने भूमिहीनांची आणि स्त्रियांची आहे.

म्हणून कोंबड्या खुराड्यातून सुटण्यापूर्वी, एकाच पहाटे संपूर्ण गावात लसीकरण व्हावे. नव्या पिलांसाठी ते ठरावीक महिन्यांनी पुन्हा व्हावे. आणि प्रत्येक वेळी तीन आठवड्यांनी निवडक पक्ष्यांचे रक्त तपासून निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. विद्यार्थ्याने किती पुस्तके विकत घेतली, यावरून कोणताही शिक्षक त्याला उत्तीर्ण करीत नाही. शासनानेही स्वतःला तीच कसोटी लावून घ्यावी.