शिवनेरीवरील नजरकैद

शिवनेरीवर येणारा प्रवासी शिवजन्मस्थानाचे दर्शन घेऊन कृतार्थ होतो आणि गड उतरतो. परंतु याच गडावर १७९४ साली, गुन्हा शाबीत करणे दूरच, आरोपही न ठेवता अमृतराव, बाजीराव आणि जेमतेम दहा वर्षांचे चिमाजी अशा तिघा भावांना आणून ठेवले होते, याची आठवण जुन्नरातही क्वचितच निघते. त्यांचा अपराध म्हणाल तर रघुनाथरावांच्या पोटी वा पदरी वाढण्याचा. रघुनाथरावांनी इंग्रजांना घरात घेऊन माजविलेली यादवी १७८२ च्या सालबाईच्या तहाने शमली होती, पुढच्याच साली ते स्वतःही निवर्तले. चौकीपहारे मात्र उठले नाहीत.

ही नजरकैद घडविणाऱ्या नाना फडणिसांना क्रूर म्हणणे अन्यायाचे होईल. दौलत सांभाळणारा मुत्सद्दी संशयी असायचाच. दोष संशयाचा नव्हे, त्या संशयाचा जाब विचारणारे कोणी उरले नव्हते, याचा आहे. न्यायाधीश रामशास्त्री १७८९ सालीच गेले होते. आणि प्रत्यक्ष पेशवे सवाई माधवराव यांनी नात्याने चुलते पण वयाने धाकटे अशा बाजीरावांशी गुप्त पत्रव्यवहार आरंभिला, तेव्हा चिठ्ठ्या पोचविणाऱ्या बळवंतराव नागनाथांच्याच पायांत बेड्या पडल्या.

या कैदेने साधले काय? १७९६ साली परशुरामभाऊ पटवर्धन पेशव्यांच्या रिकाम्या मसनदीसाठी बाजीरावांना न्यावयास जुन्नरास आले, तेव्हा गाईचे शेपूट हाती धरून गोदावरीची शपथ वाहावयास लावल्याखेरीज बंदिवान गडाखाली उतरेना. पुढे नाना स्वतःच शिंद्यांच्या कैदेत अहमदनगरच्या किल्ल्यात पडले. आणि १८०१ साली बाजीरावांनी विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले. त्यातून उसळलेल्या यादवीत पुणे लुटले गेले आणि वसईच्या तहाने दौलत इंग्रजांच्या हाती गेली.

अमेरिकेतील यादवीत लिंकननेही विनाचौकशी माणसे डांबली. पण १८६३ साली तेथील काँग्रेसने कैद्यांच्या याद्या न्यायाधीशांपुढे ठेवण्याचे बंधन घातले. आमच्या राज्यघटनेचा २२ वा अनुच्छेद आजही सल्लागार मंडळाच्या मताविना तीन महिन्यांपर्यंत स्थानबद्धतेची मुभा देतो. ही मुदत दोन महिन्यांवर आणणारी तरतूद १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीत संसदेने संमत केली, पण ती अंमलात आणण्याची अधिसूचना एकाही सरकारने काढली नाही. ती आता काढावी.