आदर आणि विवेक

पेण तालुक्यातील गागोद्यात १८९५ साली विनोबा जन्मले, रोह्यात १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले. शास्त्रीजींच्या स्वाध्याय परिवाराने योगेश्वर कृषी व मत्स्यगंधा नौकांतून कष्टकऱ्यांस आत्मसन्मान दिला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु जेथे आपुलकी लाभते तेथे प्रश्न विचारणे कृतघ्नपणाचे वाटू लागते. मन बांधले जाते ते धाकाने नव्हे, या संकोचाने. २००३ साली शास्त्रीजी निवर्तले. परिवाराच्या कारभारावर प्रश्न विचारणाऱ्या एका अनुयायाचा २००६ साली अहमदाबादेत खून झाला. आणीबाणीत विनोबांचा ‘अनुशासनपर्व’ हा शब्द सत्तेच्या कामी आला, तेव्हा अनेक सर्वोदयी कार्यकर्ते मात्र जयप्रकाशांसोबत राहिले. आदर राखूनही त्यांनी विवेक गहाण टाकला नाही. साथींनो, हीच कसोटी आपल्या पक्षालाही लागू आहे.