एका झाडासाठी एक भिंत

लिंबाचे एक झाड जगवायचे तर आपण काय करतो? आळे करतो, शेणखत घालतो, उन्हाळ्यात दोन-चार घागरी पाणी ओततो. भूमध्य समुद्रातल्या पांतेलेरिया बेटावरचा शेतकरी मात्र त्या एका झाडाभोवती दगडांची गोल भिंत उभी करतो. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. भिंत हातभराहून कितीतरी जाड, आणि उंची कुठे कुठे दोन पुरुषांहून जास्त. आत शिरायला एक लहानसे दार, वर मोकळे आभाळ, आणि मधोमध संत्र्याचे नाहीतर लिंबाचे झाड. या झाडाला कोणी पाणी घालत नाही.

मग ते जगते कसे? बेटावरचा दगड ज्वालामुखीचा, सच्छिद्र. रात्री तो गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर दव होऊन बसतो आणि झिरपत मुळाशी जातो. दिवसा भिंतीची सावली पडते, त्यामुळे जमिनीतली ओल उडत नाही. शिवाय वारा अडतो, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. तिथे वारा वर्षातले बहुतेक दिवस वाहतो, तोही खारा. ऑलिव्हची झाडेसुद्धा तिथे छाटून छाटून जमिनीलगत रांगती ठेवलेली असतात.

बेट इटलीचे, पण जवळ आफ्रिकेला. ट्युनिशियाचा किनारा सुमारे ७० किलोमीटर, तर इटलीचे सिसिली बेट सुमारे १०० किलोमीटर. क्षेत्रफळ ८३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस हजार एकर. वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. मधला डोंगर ८३६ मीटर उंच. नदी एकही नाही. पाऊस पडतो तो हिवाळ्यात आणि थोडा. समुद्राकाठच्या जुन्या विहिरींचे पाणी मचूळ. चहूबाजूंनी समुद्र असूनही इथला माणूस पिढ्यान् पिढ्या कोळी न होता शेतकरीच राहिला, हे मला मोठे नवल वाटते.

घरेही पाण्याच्या हिशेबानेच बांधलेली. त्यांना 'दाम्मूसो' म्हणतात. जाड दगडी भिंती आणि छत घुमटासारखे फुगीर. छतावर पडलेला थेंब न् थेंब पन्हाळीतून घराखालच्या टाक्यात उतरतो. ही टाक्यांची रीत फार जुनी. २००३ साली एका टेकडीवरच्या प्राचीन टाक्यांत उत्खनन झाले, तेव्हा संगमरवरी शिरे सापडली. त्यांतले एक चक्क रोमच्या ज्यूलियस सीझरचे! रोमन गेले, पुढे अरब आले. खम्मा, गादीर, बुक्कुराम ही गावांची नावे अरबांच्या वेळची आजही चालू आहेत.

पाण्यापायी हे बेट एकदा शत्रूच्या हातीही गेले. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४३ मध्ये, इंग्रज-अमेरिकन विमानांनी त्यावर दिवसेंदिवस बॉम्ब टाकले. बंदराचे गाव जमीनदोस्त झाले. ११ जूनला तिथल्या सेनापतीने शरणागती पत्करली, तेव्हा पाण्याचा तुटवडा हे त्याने एक कारण सांगितले होते.

आता पिकांकडे वळू. मुख्य पीक द्राक्ष, जातीचे नाव 'झिबिब्बो'. हा शब्द मनुकेच्या अरबी नावावरून आला. तासगावकडच्या आपल्या बागाईतदारांनी ही वेल पाहिली तर त्यांना हसू येईल: मांडव नाही, तार नाही. प्रत्येक वेल जमिनीत केलेल्या वीतभर खोल खळग्यात लावलेली, गुडघ्याएवढी बुटकी. खळग्यात ओल टिकते आणि वारा वरून निघून जातो. छाटणी, खुरपणी, तोडणी सगळी कमरेत वाकून, हाताने. ऑगस्टच्या उन्हात ही द्राक्षे वाळवतात आणि त्यांची गोड दारू करतात. वेल लावण्याच्या या पद्धतीला २०१४ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. शेतीची एखादी रीत त्या मानाला पोचली ती तेव्हा पहिल्यांदाच.

दुसरे पीक केपर. हे झुडूप आपल्या वाघाट्याच्या गोत्रातले, बरं का. आषाढी एकादशीचा उपास सोडताना आपण वाघाट्याचे फळ खातो. तिकडे फुलाची कळी उमलण्याआधी खुडून मिठात मुरवतात. एक दिवस उशीर झाला की कळीचे फूल होते आणि माल गेला. म्हणून मेपासून ऑगस्टपर्यंत बायामाणसे पहाटेपासून बांधाबांधाने कळ्या खुडत असतात.

प्रवासी अलीकडे बरेच येतात, विमानाने नाहीतर त्रापानी बंदरातून बोटीने. वाळूचा किनारा तिथे नाही, पोहायचे ते खडकांवरून. ज्वालामुखीच्या मुखात एक निळेशार तळे आहे, 'व्हीनसचा आरसा' नावाचे. त्याच्या काठी गरम पाण्याचे झरे आहेत आणि लोक अंगाला चिखल फासून बसतात. २०१६ पासून बेटाचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान झाला आहे.

या पाहुण्यांना राहायला सर्वांत आवडते ते दाम्मूसोत. त्यामुळे पुष्कळ जुनी घरे बाहेरच्या पैसेवाल्यांनी घेतली आणि नीटनेटकी केली. घराला गिऱ्हाईक मिळते, पण त्यामागच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेताला मिळत नाही. तिथे ट्रॅक्टर चढत नाही, मजूर महाग, आणि तरुण पोरे सिसिलीत किंवा त्याही पलीकडे कामाला गेलेली. शेत पडीक राहिले की दोन-चार पावसांत बांधाचा एक दगड निखळतो, मग त्याच्या शेजारचा. असे हजारो किलोमीटरचे बांध त्या बेटावर आहेत. ज्यांच्या वेली अजून चालू आहेत, ते तोडणी उरकली की पावसाआधी पडलेले दगड उचलून परत जागच्या जागी बसवतात.