कागदावरचं एक वाक्य



गेल्या पावसाळ्यात धारूर तालुक्यातल्या एका वाडीवर बचत गटासोबत व्यवसाय आराखड्याचा अर्ज भरत बसले होते. बारा जणींचा गट. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं गोळा करायची, गर काढून पाकिटं भरायची आणि विकायची, असा बेत होता. भांडवल, यंत्र, बाजारपेठ हे रकाने भरून झाले. पुढचा रकाना होता 'उद्योगाची दूरदृष्टी'. बाया शेतातून दमून आल्या होत्या, मलाही शेवटची एसटी गाठायची होती. मी आपलं समाजकार्याच्या पदवीला शोभेल असं वाक्य लिहून टाकलं : 'ग्रामीण महिलांचे सर्वांगीण सक्षमीकरण साधून दर्जेदार उत्पादनाद्वारे शाश्वत विकास घडवून आणणे.'

वाचून दाखवलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग गटातली सगळ्यात वडील बाई म्हणाली, "ताई, चांगलं लिवलंय. पण ह्यात आमी कुठं हावोत? आन् सीताफळ कुठंय?"

मी वाक्य खोडलं. शेवटची एसटी गेली. त्या रात्री जे बोलणं झालं, ते तुमच्यापुढे मांडावं म्हणून या अंकाचं संपादकीय त्यावर लिहिते आहे.

ध्येयाचं वाक्य म्हणजे अर्ज सजवण्याची गोष्ट, असा आपल्यापैकी अनेकींचा समज आहे. माझाही होता. पण बायांच्या छोट्या उद्योगाला ओढणारे हात फार असतात. बँकेला हप्ता वेळेवर हवा असतो. व्यापाऱ्याला माल स्वस्त हवा असतो. अधिकाऱ्याला अहवालात गटांचा आकडा हवा असतो. घरच्यांना बाईची कमाई हवी असते, पण चूल, पाणी, गुरं यात खंड पडायला नको असतो. आपल्याला काय हवं ते आपण ठरवलं नाही, तर या सगळ्यांची ध्येयं आपोआप आपली होऊन बसतात.

बीड जिल्ह्यात तर हा प्रश्न जगण्याचा आहे. दसरा-दिवाळी झाली की इथली गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत फडात राबायचं. एक दिवस काम चुकलं तर खाडा कापला जातो, मग ते पाळीमुळे असो की तापामुळे. गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड बायांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समितीही नेमली. आपल्याच शरीराबद्दलचा निर्णय कामाच्या हिशेबाने घ्यावा लागलेल्या बायांना 'दूरदृष्टी' विचारायची, तर ती त्यांच्या भाषेत विचारली पाहिजे.

म्हणून मी विचारलं, "पाच वर्षांनी, दिवाळी झाल्यावर तुम्ही कुठं असाल?"

उत्तर लगेच आलं. "गावातच. फडावर न्हाई."

मग एकेक वाक्य बायांनी सांगितलं आणि मी लिहिलं : 'पाच वर्षांत आमच्या गटातल्या प्रत्येक बाईला गावातच एवढं काम आणि एवढे पैसे मिळावेत, की तिला कोयत्यावर जावं लागणार नाही. आम्ही व्यापाऱ्याची उचल घेणार नाही. शाळा बुडवून पोरींना गर काढायला बसवणार नाही. जिनं काम केलं, तिचे पैसे तिच्याच हातात.'

वाक्य स्पष्ट झालं आणि बेतातलं भोकही दिसलं. सीताफळाचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. पिकलेलं फळ दोन दिवसही थांबत नाही, गर गोठवून ठेवला नाही तर काळा पडतो. मग वर्षभर काम कुठून येणार? 'शाश्वत विकास' लिहिला होता तेव्हा हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. आता गोठवलेला माल उन्हाळ्यात विकायचा आणि उरलेल्या महिन्यांत डाळी-पापडाचं काम धरायचं, अशी चर्चा सुरू झाली. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्या नावाचा फायदा डोंगर चढून फळ वेचणारीला कसा मिळेल, हेही कुणीतरी विचारलं.

खरी परीक्षा हंगामात झाली. एका व्यापाऱ्याने अख्ख्या हंगामाच्या मालासाठी आगाऊ रक्कम देऊ केली, भाव मात्र तो ठरवणार. चार-पाच जणी तयार होत्या. सणाच्या तोंडावर रोकड कुणाला नको असते? दोन दिवस भांडण झालं. शेवटी एकीने कागद काढून वाचायला लावला. "मुकादमाची उचल सोडायची म्हणून हे मांडलं, आन् आता ह्याची घ्यायची?" थोडा माल त्याला रोखीने दिला, बाकीचा गटाने स्वतः विकला. पैसे उशिरा आले, पण भाव गटाने ठरवला.

यात यशोगाथा रंगवायची नाही. दिवाळीनंतर गटातल्या दोघी कोयत्यावर गेल्याच. त्यांच्या घरी जुनी उचल अंगावर होती. वाक्याने कर्ज फिटत नाही. पण त्या दोघी गेल्या हे गटाच्या बैठकीत अपयश म्हणून नोंदलं गेलं. एरवी त्यांचं जाणं कुणाच्या हिशेबातही आलं नसतं.

हे नवीन नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती 'लिज्जत'. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. काम करणारी प्रत्येक बहीण मालक, हे तत्त्व संस्था वाढल्यावरही टिकलं. १९७२ साली अहमदाबादेत सुरू झालेल्या 'सेवा'ने आपलं ध्येय अकरा प्रश्नांत मांडलं : सभासद बाईचं काम वाढलं का, उत्पन्न वाढलं का, तिच्या नावावर मालमत्ता झाली का, असे. प्रश्नाला हो किंवा नाही म्हणावंच लागतं, तिथे शब्दांमागे लपता येत नाही.

तेव्हा तुमच्या गटाचं वाक्य पुन्हा काढून वाचा. त्यात काम करणारी बाई दिसते का? किती वर्षांत काय बदलायचं ते कळतं का? आपण काय करणार नाही, हे लिहिलंय का? आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या सभासदाला ते तोंडपाठ सांगता येतं का? नसेल, तर ते आपलं नाही. आपल्यासारख्या शिकलेल्या कार्यकर्तीनेच ते लिहिलं असेल, तर खोडायचं धाडसही आपणच करायला हवं.

वाडीवरचा तो कागद आता गटाच्या हिशेबवहीत पहिल्या पानावर चिकटवलेला आहे. त्यावर बाराही जणींच्या सह्या आणि अंगठे आहेत. माझी सही नाही, आणि ते योग्यच आहे.

तुमच्या गटाने काय लिहिलं, ते आम्हाला जरूर कळवा.